हस्ताक्षर ज्याचं त्याचं

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात बस स्टँडामागे खंडोजींचं झेरॉक्सचं दुकान आहे. घराणं मराठी, पण इथं इतक्या पिढ्या गेल्या की घरातलं भांडण मराठीत सुरू होतं आणि कन्नडात संपतं. जवळच्या मेडिकल कॉलेजातली पोरं जाडजूड पुस्तकं काउंटरवर आपटतात आणि म्हणतात, "अण्णा, स्वल्प लवकर."

पुस्तकाला खंडोजींची कधीच हरकत नसे. हरकत असे ती हातानं लिहिलेल्या नोट्सची जास्तीची प्रत काढायला. ज्याच्या नोट्स, त्यानं सांगितल्या तेवढ्याच प्रती काढायच्या. वाया गेलेला कागदसुद्धा त्याच्यासमोर फाडायचा. 'छापलेलं जगाचं, हस्ताक्षर ज्याचं त्याचं,' हा त्यांचा कायदा. देशाचा कायदा छापलेल्याबद्दल वेगळं म्हणतो, असं त्यांच्या कानावर होतं. पण तो कायदा काही कधी दुकानात आला नव्हता.

यंदा खंडोजींचा कायदा त्यांच्याच घरात शिरला. मुलगी रूपश्री डॉक्टर, पण तज्ज्ञ होण्यासाठीच्या बोर्डाच्या परीक्षेत एकदा आपटलेली. आता दुसऱ्यांदा बसणार होती. तिच्याच बरोबर बसणारा बेळगावचा उपेंद्र आपल्या नोट्स झेरॉक्सला टाकून चहाला गेला. त्या नोट्सची कॉलेजात ख्याती होती. शकुंतलाबाई तेवढ्यात नवऱ्याचा डबा घेऊन आल्या.

"एक जास्तीची काढा की. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तुम्हाला कळून काय उपयोग? परीक्षा पोरीची आहे."

म्हणून खंडोजींनी उपेंद्र परतल्यावर त्यालाच विचारलं.

उपेंद्रनं चहाचा रिकामा कप उगीच फिरवला. "द्या अण्णा. पण किडनीचं प्रकरण सोडून."

"का रे?"

"दोघांचं उत्तर सारखं दिसलं की तपासणारा दोघांनाही कापतो." मग जरा थांबून म्हणाला, "आणि त्या प्रकरणात माझा अख्खा उन्हाळा गेलाय."

"सरी, तसंच करू," खंडोजी म्हणाले. दुसरं कारण त्यांना जास्त खरं वाटलं.

घरी रूपश्रीनं पानं चाळली. "आप्पा, बत्तीसनंतर एकदम एकावन्न?"

"मधली त्यानं दिली नाहीत."

"पण तुमच्या हातात होती ना?"

"होती."

तिनं पानं बाजूला ठेवली. जेवताना म्हणाली, "किडनीचं ते पुस्तक मला अख्खं झेरॉक्स करून दिलंत. त्याच्या लेखकाला विचारलं होतं?"

खंडोजींनी ताटातली चटणी फार लक्ष देऊन खाल्ली.

रूपश्री मग त्याच झेरॉक्स पुस्तकातून किडनी करायला बसली. बापाशी कामापुरतं बोलायची. शकुंतलाबाई तेवढंही बोलत नव्हत्या. आता पोरगी पुन्हा नापास झाली तर दोष कुणाच्या गळ्यात पडणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

परीक्षा तोंडावर आली. तेव्हा प्रत्येकाला दुसऱ्याची वही जाड वाटते. उपेंद्र दुकानात आला. "अण्णा, रूपश्रीनं किडनीच्या नोट्स स्वतः काढल्यात म्हणे. एक कॉपी मिळेल?"

तिची पानं बाइंडिंगला तिथंच पडली होती. उपेंद्रला ती दिसतही होती.

"हस्ताक्षर तिचं. विचारतो," असं म्हणून खंडोजींनी फोन लावला. ती नाही म्हणाली तर बरं, असं त्यांना वाटून गेलं. आपण असं वाटून घेऊ नये, असंही वाटलं.

फोनवर पंख्याच्या आवाजातून रूपश्री म्हणाली,

"द्या आप्पा. सगळं द्या. नाहीतर अभ्यास सोडून पानं मोजत बसेल."

उपेंद्रला ऐकू गेलं असावं. तो बाहेर उभ्या रिक्षांकडे बघू लागला.

खंडोजींनी पहिलं पान काचेवर ठेवलं. दुसऱ्याच्या कागदावरचं ते वाचत नसत, पण हे वाचलं गेलं. सगळ्यात वर, बारीक अक्षरात, रूपश्रीनं त्या पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहिलं होतं. इतकी वर्षं ते पुस्तक या मशीनमधून निघत होतं, पण या माणसाचं नाव दुकानात कुणी घेतलं नव्हतं.

झाकण लावण्याआधी त्यांनी कागद जरा खाली सरकवला. नाहीतर वरचं नाव कापलं गेलं असतं.