हितेंद्र नावाची मुलगी

सुभद्रामावशीच्या हातून किती पोरं जगात आली, ते तिचं तिलाही ठाऊक नाही. परळच्या एका इस्पितळात, प्रसूती वॉर्डात ती बत्तीस वर्षं आया होती. बाळ पुसायचं, गुंडाळायचं, बाहेर न्यायचं आणि ताटकळलेल्या घरच्यांना सांगायचं, "आजोबा परत आले हो तुमचे." आता त्यांचे आजोबा गोरे होते की काळे, हिला काय माहीत? पण ऐकणाऱ्याचे डोळे भरायचे, म्हणून म्हणायची. हेच बोलणं एक दिवस तिच्याच दारात येऊन उभं राहील, हे मात्र तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिचा थोरला मुलगा हितेंद्र मालवाहू जहाजावर आचारी होता. सहा वर्षांपूर्वी पार उत्तरेला, जिथं झाडसुद्धा उगवत नाही अशा एका इनुइट वस्तीपाशी, तो समुद्रात पडला. वस्तीतल्या माणसांनी नऊ दिवस होड्या घालून शोधलं. सापडला नाही. इकडे दर्भाचा पुतळा करून बाणगंगेला त्याचं सगळं केलं, पण कावळा काही पिंडाला शिवला नाही. पुढे दर पितृपक्षात तेच. चाळीच्या गॅलरीत पान ठेवलं की कावळा यायचा, कठड्यावर पानाकडे पाठ करून बसायचा आणि हलायचा नाही. "तुला घरी आणतो रे," असा शब्द धाकट्या राहुलने दिला, काकांनी दिला, मावशीने तर दरवर्षी दिला. छे, मानसुद्धा वळवत नसे मेला. शेवटी दर्भाचा कावळा करून पान शिवून घ्यायचं आणि गुपचूप जेवायला बसायचं.

म्हणून तिने ठरवलं, तिथंच जायचं. त्याच किनाऱ्यावर पिंड ठेवायचा आणि पोराला सोडवून आणायचं. चाळीत हसू झालं. कणकवलीला जाताना जिला गाडी लागते, ती म्हणे चालली ध्रुवावर! मावशीने कानाआड केलं. राहुलने व्हिसाचे कागद जमवले. चार विमानं बदलायची होती. शेवटचं आठ-दहा माणसांचं, धुकं पडलं तर आठवडाभर उडत नाही. मावशीने बॅगेत सगळ्यात आधी काळे तीळ आणि दर्भ भरले.

राहायची सोय विचारायला राहुलने वस्तीत मेल टाकला. होड्या घालणाऱ्यांपैकी एकाच्या बायकोचं उत्तर आलं. वाचता वाचता राहुल थांबला.

"काय झालं रे?"

"आई, त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात. नावासंगती माणूसही येतो, असं मानतात. त्या हिवाळ्यात या बाईला मुलगी झाली. तिचं नाव हितेंद्र ठेवलंय." राहुलने पुढची ओळ वाचली. "ज्याचं नाव, त्याची आई ती तिचीपण आई, म्हणजे तू. ती पोर तुझी वाट बघते म्हणे."

मावशीला वॉर्डातलं आपलंच बोलणं आठवलं. तिकडे हे कुणी गोड वाटावं म्हणून बोलत नव्हतं.

फोनवर भेट ठरली ती नेमकी हितेंद्रच्या तिथीला, सकाळी. कठड्यावर पान ठेवलेलं होतं आणि कावळा पाठ करून बसलेला होता. पडद्यावर पाचेक वर्षांची गोबरी पोर मासा खात होती. तिने बोटाने आधी माशाचा डोळा काढला आणि तोंडात टाकला. हितेंद्र असाच खायचा.

"तिकडे सगळेच खात असतील," राहुल पुटपुटला. पण त्याचाही आवाज उतरला होता.

पोर घास थांबवून काहीतरी बोलली. तिच्या आईने ते इंग्रजीत सांगितलं, राहुलने मराठीत.

"ती विचारते, तो पक्षी उपाशी का बसलाय?"

मावशीने पडद्याच्या कोपऱ्यातलं आपलं चित्र पाहिलं. तिच्या मागे नुसती भिंत दिसत होती. कठडा, पान, कावळा, सगळं फोनच्या पाठीमागे होतं.

सहा वर्षं तिने देवाकडे एकच मागितलं होतं, पोर परत येऊ दे. आला होता की! आणि आपण तीळ-दर्भ बांधून निघालो, कुणाला सोडवायला? तिथं कावळा शिवला आणि हितेंद्र सुटला, तर समोर मासा खात बसलेल्या या लेकराचं काय होईल? आयुष्यभर पोरं आयांच्या कुशीत दिलेल्या बाईला भीती वाटली, ती आपल्याच हातांची.

ती उठली. कठड्यापाशी जाऊन तिने हात जोडले.

"हितेंद्र, मी तुला न्यायला येत नाय. नुसती बघून जाईन," ती म्हणाली. मग थोडी अडखळली. "तू तिथंच राहा. मोठी हो."

कावळा वळला. पानाला चोच लावली आणि वड्याचा तुकडा घेऊन उडाला.

मागे फोनमधून ती पोर "अनाना, अनाना" करत होती. ही आईला मारलेली हाक आहे, हे राहुलला कुणाला विचारावं लागलं नाही.

"आले गो," मावशी म्हणाली आणि आत गेली.