मी न पाहिलेली गाठ

मेश्राम काका गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला, तेव्हा मी ऑफिसला निघायच्या गडबडीत मोजे शोधत होतो. "सुधीरदादा, बाबा गेले. झोपेतच गेले," ती म्हणाली. मी अशा वेळी म्हणायचं ते म्हटलं, किती वाजता नेणार ते विचारलं आणि फोन ठेवला. आज दीड महिन्यानंतर खरं सांगतो, त्या क्षणी मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. एक गोष्ट फक्त त्यांना आणि मला माहीत होती, आणि आता ती मला एकट्यालाच माहीत आहे, असं मनात आलं. मग रडू आलं, नाही असं नाही, पण ते नंतर.

काका कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. अवजड यंत्रं दोराने, साखळीने उचलायची आणि जागेवर बसवायची, यात त्यांचं आयुष्य गेलं. नागपूरच्या माणसानं डोंगराची गोष्ट काढली की पुण्या-नाशिककडचे गालात हसतात. हसोत बापडे. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीचे दोनच महिने काय ते चालायचे, पण त्या दोन महिन्यांत रामटेकच्या मागच्या टेकड्या आणि सावनेरच्या पुढचा सातपुडा आम्हाला पुरून उरायचा. डोंगर चढणारे आम्ही दहा-बारा जण होतो, कुणी बँकेतले, कुणी विम्यातले, दोघं कॉलेजात शिकवणारे. कारखान्यातले एकटे काका. दर रविवारी ते स्कूटरवर पोत्यात घातलेला दोर घेऊन यायचे आणि आम्हा शिकलेल्या माणसांना शिकवायचे.

नकाशा आणि होकायंत्र मी त्यांच्याकडून शिकलो. पहिल्याच खेपेला त्यांनी मला पुढे घातलं आणि मी तासाभरात सगळ्यांना टेकडीऐवजी एका संत्र्याच्या बगीच्यात नेऊन सोडलं. रखवालदार काठी घेऊन आला. काकांनी त्याला रामराम केला, मग माझ्याकडे वळून विचारलं, "होकायंत्र कशावर ठेवून पाहून राहिला होता गा?" मी हातातला स्टीलचा डबा दाखवला. पोळी-भाजीचा डबा होता, सपाट म्हणून त्यावरच ठेवून मी सुई वाचत होतो, आणि डब्याच्या लोखंडानं सुई भरकटत होती. काका म्हणाले, "डबा जेवणाकडेच नेईन न. त्याची काय चूक?" पुढचा आठवडाभर मी जिथं जाईन तिथं मला डब्यावरून ऐकावं लागलं. पण त्यानंतर काकांनी मला सोडलं नाही. शंभर पावलं झाली की एक खडा खिशात टाकायचा, ओढा कुठल्या हाताला वाहतो ते बघायचं, चुकलं असं वाटलं तर पुढे न रेटता तिथंच बसायचं... दोन हिवाळ्यांत मी तरबेज झालो. खरं म्हणजे तरबेज झालो असं मला वाटायला लागलं, आणि घोडं तिथंच पेंड खायला लागलं.

दोराच्या बाबतीत मात्र काकांचा एक नियम होता. तो त्यांनी कारखान्यातून आणला होता. कड्यावरून उतरणाऱ्यानं कमरेच्या पट्ट्याला आपली गाठ आपणच बांधायची, आणि दुसऱ्यानं ती हातात घेऊन, ओढून बघायची. बघून झालं की मोठ्यानं म्हणायचं, "पाहिली." तो शब्द ऐकल्याशिवाय वर दोर धरून बसलेले काका कुणाला पुढे पाऊल टाकू द्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "काका, रोजची गाठ, त्यात एवढं काय बघायचं?" ते म्हणाले, "बांधणाऱ्याले आपली गाठ बरोबरच दिसते. म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात."

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी मी भलत्याच खुशीत होतो. धुकं होतं, पायवाट सापडत नव्हती आणि मी होकायंत्रावर सगळ्यांना बरोबर कड्याच्या माथ्यावर आणून उभं केलं होतं. दोन नवे सभासद होते. दोर लावून झाला तरी मी त्यांना नकाशा पसरून दाखवतच होतो, मी कुठून वळलो, कसा वळलो. लकडगंजमध्ये वडिलांची लाकडाची वखार सांभाळणारी आमच्यातली रजनी उतरायला तयार होऊन माझ्या शेजारी आली. "सुधीरभाऊ, गाठ पाहा न," ती म्हणाली. मी नकाशावरून मान न उचलता म्हटलं, "पाहिली." मोठ्यानं म्हटलं. काकांनी माझा आवाज ऐकला आणि तिला सोडलं. गाठ अर्धीच होती, दोराचं टोक तिनं परत ओवलंच नव्हतं. कडा जवळजवळ उतरून झाल्यावर तिचा पाय घसरला आणि दोर कमरेतून निघून आला. ती आठ-दहा फुटांवरून खाली आदळली. टाच मोडली. जीव वाचला म्हणायचं, पण तिचा पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.

पुढच्या आठवड्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका सभासदाच्या घरी बैठक झाली. रजनी अर्थातच दवाखान्यात होती. कुणीतरी विचारलं, गाठ कुणी पाहिली होती? दोघे नवे सभासद घाबरून त्या दिवसानंतर फिरकलेच नव्हते, बाकीचे तेव्हा आधीच उतरून कड्याखाली होते. मी मूग गिळून बसलो. बशीत सांडलेल्या चहाकडे बघत होतो. उत्तर द्यायला मला भरपूर वेळ मिळाला, एवढं आठवतं. मग काका म्हणाले, "दोर माह्या हातात होता. मी सोडली तिले. जबाबदारी माहीच हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आणि सगळ्यांना ते लगेच पटलं, ही त्यातली दुसरी लाज. आमच्यापैकी एखाद्या प्राध्यापकानं असं म्हटलं असतं तर चार उलटे प्रश्न आले असते. कारखान्यातला फिटर, वय झालेलं, दुर्लक्ष झालं असणार, असं मानणं आम्हाला फार सोपं गेलं. काकांनी यापुढे दोर हाताळू नये आणि पुढारीपण मी करावं, असं ठरलं. ग्रुपवरचा निरोप मीच लिहिला. "वयोमानानुसार काकांना आता विश्रांती देत आहोत" हे वाक्य माझं आहे. दोनदा वाचून, शुद्धलेखन तपासून मी ते पाठवलं.

दोन दिवसांनी काका स्कूटरवर पोतं घेऊन माझ्या दारात आले. "दोर धुवून आणला. वाळवला बी. उन्हात नको ठेवजो, कुजते," म्हणाले. मी चहाचं विचारलं. नको म्हणाले, पण लगेच गेले नाहीत. उंबऱ्याशी थोडा वेळ उभे राहिले. मी पोत्याच्या तोंडाची सुतळी उगाच घट्ट करत बसलो. आपल्या बोलण्याची ते वाट बघताहेत, हे मला तेव्हाही कळत होतं. मग त्यांनी स्कूटरला किक मारली.

त्यानंतर अकरा हिवाळे मी लोकांना डोंगरावर नेलं. माझ्या हाताखाली बरेच जण शिकले, मला सर म्हणू लागले. रजनीनं कधी विषय काढला नाही, तेव्हा तिला पडण्याआधीचं काही आठवत नसावं, असं मी सोयीनं धरून चाललो. काका बाजारात दिसले तर मी रस्ता बदलायचो. ते समोरच आले तर "काय गा, बरा हाय न?" एवढंच विचारायचे. शोकसभेत मी वीस मिनिटं बोललो. डब्याची गोष्ट सांगितली, लोक हसले. दुसऱ्याच्या डोळ्यांची गोष्ट सांगितली, लोकांनी डोळे पुसले. काकांची मुलगी पाया पडायला वाकली, तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं. तरी खरं बोललो नाही. माझ्याइतका भित्रा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी काकांवर लेख मागितला गेला तेव्हा ठरवलं, आधी रजनीला सांगायचं. लकडगंजला गेलो. वखारीत ती एका गिऱ्हाइकाला सागाच्या फळ्या दाखवत होती, अजून जरा लंगडतेच. गिऱ्हाईक गेल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"माह्या कमरेची गाठ होती सुधीरभाऊ," ती म्हणाली. "तुमचा हात लागला नाही, हे मले माहीत नसन का?"

"मग बोलली काहून नाही?"

"काका दवाखान्यात आले होते. त्याइनंच थांबवलं. म्हणाले, तो स्वतः सांगन, आपण नको काढू."

तिनं दाराजवळच्या लाकडी बाकाकडे बोट दाखवलं. "थंडी सुरू झाली का यायचे दर वर्षी. तिथं बसायचे. पाय कसा हाय विचारायचे, मग म्हणायचे, सुधीर येऊन गेला का?"

"तू काय सांगायचीस?"

"काय सांगू? नाही म्हणायची. मग म्हणायचे, येईन तो, कामात असन."

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि ती त्याच्याशी बोलायला लागली. मी बाकाशेजारी उभा होतो. बराच वेळ उभा होतो. तिनं मला बसा म्हटलं नाही.