खाल्लं वं त्यानं सगळं

माझ्या मोठ्या जावेनं मला फसवलं, आणि फसवलं ते माझ्याच पोराच्या ताटावरून. शेतावरून किंवा दागिन्यांवरून फसवलं असतं तर मी तेव्हाच भांडून मोकळी झाले असते. हे मात्र अजून घशात अडकलेलं आहे. लोक म्हणतात, तुझा पोरगा स्वतः बाप झाला, आता तरी सोड. मी सोडत नाही. बाजारात कोणाचं खोटं कधी खपवून घेतलं नाही, ते घरात का खपवून घेऊ?

धंदा माझा भांड्यांचा. आज हुडकेश्वरला माझं स्वतःचं दुकान आहे, पण सुरुवात डोक्यावरच्या टोपल्यापासून झाली. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. आमच्यात हे काम कोणी केलेलं नव्हतं. माहेर पारशिवनीकडचं, शेतीवाडीचं. नवऱ्याचं काम सुटलं, घरात खाणारी तोंडं वाढली, तेव्हा मी टोपलं उचललं. दारोदार बसून मी हे शिकले की साडी उन्हाकडे धरल्याशिवाय घ्यायची नाही. पँट गुडघ्यापाशी चिमटीत धरून पाहायची. समोरची बाई कितीही गोड बोलली तरी पदर पूर्ण उलगडल्याशिवाय हातातला गंज, म्हणजे पातेलं, सोडायचा नाही.

तेव्हा हुडकेश्वरला घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा, सासू आणि पोरंसोरं एका घरात राहत होतो. माझा मुलगा सव्वा-दीड वर्षांचा झाला तसं मी त्याला जावेच्या हवाली करून सकाळी निघू लागले. निघताना त्याच्यासाठी वेगळी वाटी करून ठेवायची. मऊ वरण-भात, त्यात पालक घोटलेला, कधी उकडलेलं अंडं, कधी कोहळ्याची भाजी. संध्याकाळी परतले की फाटकातूनच विचारायची, "खाल्लं का पोट्ट्यानं?"

"खाल्लं वं त्यानं सगळं," जाऊ म्हणायची. "पालक बी खाल्ला. वाटी चाटूनपुसून साफ."

हे ऐकलं की माझ्या डोक्यावरचं टोपलं अर्धं हलकं व्हायचं. रात्री माझ्या हातून तो घासही घेत नसे, ओठ घट्ट मिटून मान फिरवायचा. मी म्हणायची, दिवसभर पोट भरून खाल्लंय, आता कशाला खाईल!

मग एक दिवस मी त्याला भिंतीचा पोपडा खाताना पाहिलं. चुन्याचा पापुद्रा नखानं काढून तो जिभेवर ठेवत होता आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू पेढा मिळाला. नखं पांढरी दिसत होती. त्याला उचलून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली, तपासणी करायला लावली आणि म्हणाले, "रक्त फार कमी आहे. काय खातो हा?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "पालक, वरण, अंडी, सगळं खाते."

"मग जातं कुठं?"

त्यांनी लोहाचं औषध लिहून दिलं, चहा पाजत असाल तर बंद करा म्हणाले. वर हेही म्हणाले की पोराच्या मागं चमचा घेऊन पळू नका, तुमच्या सोबत जेवायला बसवा. मला राग आला. आमच्या घरी एवढ्याशा पोराला चहा कोण पाजतो!

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका गिऱ्हाइकाला मोठी परात पाहिजे होती, ती घरी राहिली होती. म्हणून मी भर दुपारी घरी आले. पोरगा ओसरीवर बसलेला. हातात माझ्याच मालातला छोटा कप, कपात चहा, चहात बिस्किट. बुडालेला तुकडा तो बोटानं शोधत होता. आणि माझी जाऊ त्याची वाटी, माझ्या हातचं वरण-भात आणि पालक, शेजारच्या म्हशीच्या बादलीत खरवडून टाकत होती.

महिनोन्‌महिने माझ्या पोराच्या वाटचा पालक त्या म्हशीनं खाल्ला होता. चकाकत होती ती, आणि माझा पोरगा भिंत खात होता.

मी तेव्हा काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. परात अंगणात आपटली, तिचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे गेला असेल. सासू मध्ये पडली. "काहून ओरडून राहिली वं? लेकरू भेलं ना!"

"तिले विचारा!" मी म्हटलं. "रोज संध्याकाळी माझ्या तोंडावर सांगे, सगळं खाल्लं म्हणून. काहून सांगे?"

जावेनं पदरानं पोराचं तोंड पुसलं आणि वाटी विसळायला गेली. तिची ती गप्प पाठ मला आजही दिसते. उन्हाकडे धरल्याशिवाय मी कोणाची साडी घेतली नाही, आणि ही बाई माझ्याच दारात मला भोकं पडलेला माल रोज विकत होती.

दुसऱ्या दिवसापासून पोरगा माझ्या कडेवर आणि टोपलं डोक्यावर. नवरा म्हणाला, "झेपन का तुले?" मी म्हटलं, न झेपायला काय झालं.

आता ते दिवस आठवले की वाटतं, माझ्या आयुष्यात त्याहून चांगले दिवस आलेच नाहीत. हिवाळा लागला होता. दहा वाजेपर्यंत उन्हात बसलं तरी चालायचं. मी एखाद्या ओट्यावर भांडी मांडायची, आणि जमा झालेल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यावर पोरगा लोळायचा. दुपारी त्यावरच झोपायचा. कोणाची लग्नातली साडी, कोणाचा शाळेचा शर्ट, कोणाच्या सासऱ्याचं धोतर, आणि त्यावर तोंड उघडं टाकून झोपलेलं माझं लेकरू. बाया सौदा अर्धा टाकून त्याला पाहायला यायच्या.

पण जेवायचं नाव काढलं की ओठ बंद. चहा-बिस्किट तोडलं तसा तो आणखीच चिडला. मी म्हटलं, ठीक आहे, सौदा करू. चकचकीत चमचा काढला. "एक घास खा, चमचा देतो." त्यानं चमचा घेतला, घास तोंडात घेतला आणि चमचा मुठीत आल्याबरोबर घास थुंकला. दुसरा चमचा काढला, तेच. तिसऱ्या वेळी वाटी देऊन पाहिली. वाटी त्यानं डोक्यावर टोपीसारखी घातली आणि भाजी माझ्या लुगड्यावर. माल गेला आणि बदल्यात काही आलं नाही, असं माझ्या धंद्यात कधी घडलं नव्हतं. ओट्यावरची म्हातारी हसत सुटली. "तुह्या वरचा निघाला वं हा!"

त्याच ओट्यावर त्याच दिवशी दुसरा सौदा अडलेला होता. घरमालकिणीला मोठा गंज पाहिजे होता आणि देत होती दोन विरलेल्या साड्या. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, राहू दे मग. मी काही न बोलता गंजावर फडकं टाकलं, तो टोपल्यात आत सरकवला आणि डबा सोडून जेवायला बसले. डोकं तापलेलं होतं. बाईवरही आणि पोरावरही. मी दोघांकडे पाठ फिरवली. अंबाडीची भाजी होती, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. पहिला घास घेतला तोच आतून मालकिणीचा आवाज आला, "बरं थांब, एक पँट आणतो."

आणि त्याच वेळी माझ्या पाठीशी लुगडं ओढलं गेलं. पोरगा फिरून समोर आला. माझ्या डब्यात पाहिलं. "मले."

मी त्याच्याकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे पाहिलं. फडक्याखाली गेलेला गंजच त्या बाईला पाहिजे झाला होता. मी डबा जवळ ओढला. "तुले नाही. हे माझं आहे."

त्यानं भोकाड पसरलं. भाजीसाठी! आंबट अंबाडीसाठी! मी अगदी नाराजीनं, जसा मी भाव उतरवताना चेहरा करते तसा चेहरा करून, बोटाच्या पेरावर मावेल एवढी भाजी त्याला दिली. त्यानं तोंड आंबट केलं, अंग शहारलं, आणि पुन्हा हात पुढे केला. मी पुन्हा नाही म्हटलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतंच की सोबत जेवायला बसवा. मी ते ऐकलं नव्हतं, कारण मला खाऊ घालायचं होतं, सोबत जेवायचं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आमचं हे नाटक गल्लोगल्ली चाललं. बायांनाही कळलं. मी डबा उघडला की कोणी ना कोणी यायची आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "अवं, मले दे ना थोडी मेथी." तो दोन्ही हातांनी डबा झाकायचा. कोणी गाजर द्यायची, कोणी उकडलेल्या वालाच्या शेंगा. कोहळं त्यानं लवकर धरलं. वांगं काही केल्या धरलं नाही, आजही खात नाही. औषध रोज चालू होतं, त्यावरून रोज रडारड होत होती. सगळं काही गोड नव्हतं. कधी तो दिवसभर नुसती भाकरच चघळायचा आणि मी रात्री रडायची. पण होळीच्या सुमारास त्याची नखं गुलाबी झाली आणि भिंतीकडे त्यानं पाहणं सोडलं. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि हसले. घरी येताना मी त्याला टोपल्यात बसवून आणलं.

जावेशी मी बोलत होते, एका घरात न बोलून कसं चालणार. पण त्या एका गोष्टीबद्दल ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे घरं वेगळी झाली, दुकान झालं. आता तिचे गुडघे गेले आहेत. दुपारी ती माझ्याकडे येऊन बसते.

या दिवाळीत मुलगा आणि सून आले. नात दोन वर्षांची आहे. पांढरा भात आणि शेवया, याखेरीज काही तोंडात घेत नाही. मुलगा एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात चमचा घेऊन तिच्या मागं फिरत होता. मी तिच्यासमोर पाठ फिरवून मेथी खाल्ली, पण तिची नजर मोबाईलवर. माझी पाठ आहे की पोट, तिला पत्ताच नाही.

"आई, मी काय खात होतो गं लहानपणी?" मुलानं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यानंच बायकोला सांगितलं, "मला एकच आठवतं. मोठ्या आईच्या ओसरीवर बसून चहात बुडवलेलं बिस्किट. तसली चव पुन्हा मिळाली नाही."

ओट्यावरचं ऊन, गाठोडं, अंबाडी, दोन्ही हातांनी झाकलेला डबा, यातलं त्याला काही आठवत नाही. इतका लहान होता तो, कदाचित बिस्किटही नंतरचंच आठवत असेल. पण माझं तोंड कडू झालं. त्याची मोठी आई, म्हणजे माझी जाऊ, तिथंच खुर्चीत बसली होती आणि हसत होती.

मग मी विचारलं. इतक्या वर्षांनी, सुनेसमोर, मुलासमोर. "काहून खोटं सांगे तुम्ही मले, बाई? पोट्टं उपाशी राहे आणि तुम्ही खाल्लं म्हणे."

तिचं हसू गेलं. मग म्हणाली, "तो दिवसभर तुह्या नावानं रडे वं. घास नाही घे. चहा-बिस्किट दिलं का गप्प बसे. तू येतानी फाटकातूनच विचारे. तुह्या मानेवर टोपल्याचे वळ. नाही खाल्लं म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी टोपलं उचललं असतं का तू? घरातले दोघं भाऊ काम सुटून बसले होते. सारे तुह्याच टोपल्यावर होते."

मग माझी सून हळूच म्हणाली, "आई, हिच्या पाळणाघरातून रोज मेसेज येतो. सगळं संपवलं म्हणून."

"तू जाऊन पाहिलं का कधी?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

मला माहीत आहे, आता सगळे म्हणतील की जाऊ भल्यासाठीच बोलली. धंदा टिकला, दुकान झालं, पोरगा वाचला. मी हे मानत नाही. माझ्या पोराचं रक्त एका बाजूला आणि माझं टोपलं दुसऱ्या बाजूला, हा तराजू माझा होता. मला खरं सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी त्याला कडेवर घेतलं असतं, ते मी नंतर करून दाखवलंच ना? पापुद्रा खायची वेळ त्याच्यावर आली नसती. ती म्हणते, मी तुझा जीव हलका केला. मी तिला हलका करायला सांगितला होता का?

जाऊबाई, तुमचं वय झालं, माझंही झालं. तुमच्या गुडघ्यांना मी तेल लावून देईन, चहाही करून देईन. पण माझी सून रोज कामावर जाते आणि रोज संध्याकाळी तोच प्रश्न विचारते. तिच्यासमोर मला उत्तर पाहिजे. भल्यासाठी सांगितलं, हे उत्तर चालणार नाही. माझ्या पोराच्या पोटात काय गेलं, हे मला कळू द्यायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला होता? सांगा.