मामांच्या भाषणाखालची मामी

आमच्या नात्यात पहिला व्हिडिओ कॅमेरा मामांनी आणला. तेव्हापासून बारसं असो की मयत, सगळ्यांना "जरा सरका हो" म्हणायचा हक्क आपल्यालाच आहे असं त्यांना वाटायचं. कापडाचं दुकान, गल्लीतल्या मंडळाचं अध्यक्षपद आणि स्वतःच्या आवाजावरचं प्रेम, एवढ्यावर त्यांचं आयुष्य मजेत चाललं. गेल्या वर्षी साठी आली, तेव्हा जुन्या टेपांची पेटी त्यांनी माझ्या एडिटिंगच्या खोलीत आणून आदळली.

"माझ्यावर एक फिल्म कर. भाषणं सगळी यायला पाहिजेत."

"कुठल्या टेपवर काय आहे, मामा?"

"लिहिलंय की सगळ्यांवर."

सगळ्यांवर एकच शब्द लिहिला होता, 'महत्त्वाचं'.

टेप कॉम्प्युटरवर उतरवताना चित्राबरोबर एक आकडा पळत असतो. तो टाइमकोड. तो सलग असला की कॉम्प्युटर मुकाट्याने उतरवून घेतो, तुटला की थांबतो. मामांच्या टेपांवर तो सारखा तुटायचा, कारण कोरी टेप घ्यायला मामांचा हात धजायचा नाही. जुनीच मागे फिरवायची आणि तिच्यावर नवं भाषण घ्यायचं. भाषण संपलं की आकडा तुटायचा. टेप हाताने थोडी पुढे सरकवली की उरलंसुरलं जुनं चित्र दिसायचं.

गणपतीतल्या एका भाषणानंतर अशीच मी टेप सरकवली आणि मामी दिसली. कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीची माझी मामी, मुलगी बालवाडीत असतानाच गेलेली. हाताला ज्वारीचं पीठ, कडेवर तान्ही मुलगी, आणि आपल्या आईशी कन्नडमधून बोलत खळखळून हसत होती. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "साकु, साकु." पुरे आता. तिचा आवाज मी विसरूनच गेले होते.

मी मामांना बोलावून ते दाखवलं. निदान खाली बसतील, असं वाटलं होतं. त्यांनी उभ्याउभ्याच पाहिलं.

"हे काढ. भाषणानंतरच्या टाळ्या कुठायत?"

"मामा, मामीचं एवढंच उरलंय. बाकीचं तुमच्या भाषणाखाली गेलं."

"मग? फोटो आहे की तिचा हॉलमध्ये. लोकांना कन्नड कुठं कळतंय?"

अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे आपलीच जीभ विटाळणं. मी फिल्म करून दिली. साठीच्या दिवशी लोक पंगतीकडे पळाले आणि मामा पहिल्या रांगेत बसून स्वतःलाच ऐकत राहिले.

मामीचे तुकडे मी प्रत्येक टेपवरून वेचून वेगळे जोडले आणि टेंभुर्णीला मामेबहिणीकडे पाठवले. तिचा फोन आला.

"आई अशी बोलायची व्हय? मला वाटायचं, लई हळू बोलत असेल."

मग तिने विचारलं, पुसलेलं परत येतं का. मी नाही म्हटलं.

परवा मामा पुन्हा आले. साठीचं भाषण मोबाइलवर घेतलं होतं, तेही फिल्मला जोडायचं होतं. मला वेळ नाही, असं मी तोंडावर सांगितलं. त्यांना ते खरं वाटलंच नाही. पेटी कुठं आहे म्हणाले. ती मी तुमच्या लेकीकडे पाठवलीय म्हटल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तिला काय करायचीत माझी भाषणं?"