दहा आनंदांची मॅनेजर

आमच्या पनवेलच्या बाजूला क्रिकेटची टीम उभी करायला काही लागत नाही. भात कापून झालं की बांधाबांधावर टीम आपोआप उगवतात. फुटबॉलचं तसं नाही. तोही कॉलेजात चालवायचा, म्हणजे माणूस हुदासारखाच पाहिजे.

हुदा म्हणजे बाजारात दोरखंड आणि ताडपत्र्या विकणाऱ्या ताहेरशेटची धाकटी. उंची बेताची, चष्मा जाड, डोक्याला स्कार्फ आणि आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला ती बोलली तर त्या टोकाचा गोलकीपर दचकायचा. तो दचकणारा गोलकीपर माझाच नातू, गोरख. म्हणून तर मला एवढं सगळं ठाऊक.

कुवेतच्या मामाने लहानपणी तिला बॉल आणून दिला, तेव्हापासून पोर फुटबॉलने झपाटलेली. कॉलेजात मुलींची टीम नव्हती आणि मुलांच्या टीमला कुणी वाली नव्हता. खेळाच्या सरांचा जीव क्रिकेटमध्ये. ते म्हणाले, "तुला एवढी हौस आहे तर तूच बघ." त्यांना वाटलं, चार दिवसांची हौस. पण ही बाई चिकटली ती चिकटलीच. क्रिकेटवाल्यांची उरलेली फक्की मागून मैदानावर रेघा मारायची. मैदान कॉलेजने लग्नाला दिलं असेल, तर आचाऱ्याला गोड बोलून चुली एका कोपऱ्यात सरकवायची. एकदा एका पोराने निरोप धाडला, घरी पाहुणे आलेत, सरावाला येत नाही. ही त्याच्या घरी गेली, पाहुण्यांबरोबर बसून चहा प्याली, त्यांना एसटी स्टँडपर्यंत स्वतः पोचवून आली आणि मग पोराला घेऊन मैदानावर! पाहुणे अजून विचारतात म्हणे, ती गुणी मुलगी कोण होती.

तर गोष्ट दोन हजार बारा सालची. त्याच्या आदल्या वर्षी सामन्याला निम्मी पोरं आलीच नाहीत आणि कॉलेजला वॉकओव्हर द्यावा लागला. वॉकओव्हर म्हणजे काय, तर नवरीकडचे मांडवात उभे आणि नवरदेवाचा पत्ता नाही. प्राचार्यांनी हुदाला बोलावून बजावलं होतं, "यंदा पुन्हा असं झालं तर फुटबॉल बंद. कायमचा."

आणि यंदाचा सामना आला नेमका आमच्या घरच्या हळदीच्या दिवशी! माझा थोरला नातू आनंदा, गोरखचा सख्खा भाऊ, त्याचं लग्न. तुळशीची लग्नं उरकलेली, नेरे गावी आमच्या दारात मांडव, बायका वडे तळतायत, आणि सकाळी सकाळी रिक्षातून उतरली ही.

"आजोबा, सलाम. गोरख द्या. दुपारी नेते, हळदीच्या आत आणून सोडते."

माझी सून मनिषा झारा घेऊनच बाहेर आली. "पोरी, सख्ख्या भावाची हलद हाय. गोरख कुठं जानार नाय."

"काकू, हळद संध्याकाळी आहे ना? तोवर तो इथे काय करणार? वडेच खाणार."

मनिषाने गोरखकडे पाहिलं. त्याच्या तोंडात वडा होता. तिथेच निम्मी बाजी हुदाने मारली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बोलता बोलता चेहरा उतरला. जर्सीची पिशवी कॉलेजच्या कपाटात नव्हती. खेळाचे सर क्रिकेटची टीम घेऊन अलिबागला गेले होते आणि रात्री गारठा पडतो, पोरांना आतून घालायला होतील, म्हणून फुटबॉलच्या जर्सी बरोबर घेऊन गेले होते! एकसारखे, नंबर घातलेले शर्ट नसतील तर सामना होत नाही. म्हणजे पुन्हा वॉकओव्हर. पोर मांडवाच्या खांबाला टेकून मटकन खाली बसली.

आता आमच्याकडे हळदीला सगळ्या भावकीने एकाच रंगाचे कपडे घालायची पद्धत. त्या वेळी काशिराम, म्हणजे आमचा बेंजोवाला, टी-शर्टांचं पोतं सोडत होता. पिवळेधमक, छातीवर आनंदाचा मिशीवाला फोटो आणि खाली 'आनंदाची हळद'. पाठ कोरी. हुदा त्या कोऱ्या पाठीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

"आजोबा..."

"बाबा, नाय म्हना!" मनिषा ओरडली. "माज्या पोराचं तोंड मातीत लोळवाल!"

"काकू, आज त्यांना पिवळं करायचंच आहे ना? आम्ही जरा आधी सुरुवात करतो."

नवरदेव स्वतःच हसायला लागला. मग मी कशाला नाही म्हणतो?

लाइटवाल्याकडून काळी चिकटपट्टी मागून हुदाने पाठींवर नंबर चिकटवले. पट्टीला वळण येईना, म्हणून सरळ रेघांचेच इंग्रजी नंबर: चार, सात, अकरा, चौदा, सतरा आणि पुढे थेट एक्केचाळीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस, चौऱ्याहत्तर, सत्त्याहत्तर. राहिला गोरख. गोलकीपरला वेगळा रंग लागतो. हुदाची नजर काशिरामच्या लाल, सोनेरी झालरीच्या कोटावर गेली.

काशिराम म्हणाला, "देतो. पन कोट जाईल तिथं मी. मागं एकदा दिला तो परत आलाच नाय."

काशिराम निघाला म्हणून बेंजो निघाला आणि बेंजो निघाला म्हणून आमची निम्मी भावकी टेम्पोत चढली.

मैदानावर पंचाने पहिल्यांदा डोळे चोळले. "हे कोण?"

"नवरदेव, सर," हुदा म्हणाली. "रंग एक आहे, नंबर आहेत. नियमात मिशी चालत नाही असं कुठे आहे?"

पंच बिचारा विचार करून म्हणाला, "खेळा."

काय सांगू! समोरची पोरं ओरडायची, "आनंदाला धर!" आणि दुसरा विचारायचा, "कुठल्या?" त्या गोंधळात आमचे दोन गोल झाले. गोरखने बॉल अडवला की काशिराम बेंजोवर असा ठेका धरायचा, की पंचाची शिट्टी कुणाला ऐकूच जाईना. त्याबद्दल काशिरामला ताकीद मिळाली. शेवटी दोनास तीन गोलांनी आम्ही हरलो. हरलो तरी हुदा नाचत होती. मला म्हणाली, "आजोबा, हरलो! खेळून हरलो!" हळदीच्या आत सगळे आनंदा मांडवात हजर, मातीने माखलेले.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. ही गोरखला घेऊन गेली, म्हणून आतली हकिगत मला कळली. स्थानिक पेपरात फोटो आला होता.

"कॉलेजचं नाव कुठे आहे यात? हा मिशीवाला कोण?"

"सर, कॉलेजचं नाव अलिबागला गेलं होतं," हुदा म्हणाली. "पण वॉकओव्हर दिला का आम्ही?"

प्राचार्य शब्दाचे पक्के. फोटोकडे पाहत म्हणाले, "नाही दिलात."

"मग फुटबॉल चालू?"

"चालू."

तरी ही खुर्चीतून उठेना.

"आता काय?"

"सर, गोलला जाळी नाही. बॉल आणायला पोरांना रस्त्यापर्यंत पळावं लागतं."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एका बाजूची देतो."

"चालेल सर," हुदा म्हणाली. "हाफटाइमला उचलून दुसरीकडे लावू."