नाटकाचा फुकट वर्ग

त्या एका वर्षात मी चार वेळा झाड झाले, दोनदा म्हातारी मांजर आणि एकदा उकळतं पाणी. हे सगळं मी कन्नड मुलखातल्या केशवापूरच्या आमच्या घरात, हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून, टॅबलेटसमोर उभं राहून केलं. नाटकाची मला मुळीच हौस नाही. लहानपणी गॅदरिंगच्या दिवशी मला हटकून ताप यायचा. शिकायचं होतं ते माझ्या मुलीनं, आणि ती सोफ्याच्या हातावर बसून मला बघायची.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. घरात ती अखंड बोलते, माझ्याशी, बापाशी, आजीशी. मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडात संपवते. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तिचं तोंड मिटतं. लॅमिंग्टन रोडजवळच्या शाळेत ती तीन वर्षं गेली आणि वर्गात एक शब्द बोलली नाही. शाळेनं त्रास दिला असं नाही, बाई चांगल्या होत्या, हजेरीला तिनं हात वर केला तरी चालवून घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले, जीभ ठीक आहे, कान ठीक आहेत, भीती आहे, तिला ढकलू नका. पण वर्गात पन्नास मुलं, प्रत्येक विषयाला तोंडी परीक्षा, तिच्यासाठी कोण किती थांबणार? रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. शेवटी आम्ही तिला घरीच शिकवायचं ठरवलं. माझ्या नवऱ्याचं दुर्गदबैलच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे. दुपारी जेवायला आला की तो गणित घ्यायचा, बाकी सगळं माझ्याकडं. सासूबाईंनी आठवडाभर जेवणात लक्ष घातलं नाही, मग त्याही निवळल्या.

घरी शिकवणाऱ्या आयांचा फोनवर एक ग्रुप होता. तिथं जी ती एकच सांगायची: नाटक शिकवा, नाच शिकवा, मूल आपोआप मोकळं होतं, नेटवर सगळं फुकट आहे. मी शोधायला बसले. फुकट खरंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. एका मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये एक परदेशी माणूस उड्या मारत इंग्रजीत सांगत होता, डोक्यावर बर्फ पडतोय असं समजा. मुलीनं विचारलं, फ्रीजमधला? नाचाच्या एका वर्गात पहिला धडा उघडा होता, दुसऱ्याला कुलूप. बाहुल्यांचं नाटक करायला जे सामान लिहिलं होतं, त्यातलं निम्मं काय असतं हेच मला कळेना. आवाजाच्या एका धड्यात पोटातून किंचाळायला सांगितलं होतं. मी एकदा किंचाळून दाखवलं, तर सासूबाई देवघरातून हातात घंटा घेऊनच धावत आल्या. मुलगी प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत बघायची, मान डोलवायची, आणि करायची काहीच नाही.

मग पुण्याच्या काही तरुण मुलामुलींनी चालवलेला एक वर्ग मिळाला. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी, मराठीतून, दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. गावोगावची अकरा मुलं आपापल्या चौकोनात दिसायची आणि शिकवायला एक ताई. पहिल्याच दिवशी माझ्या मुलीनं टॅबलेटचं तोंड छताकडं केलं आणि अर्धा तास सगळ्यांना आमचा पंखा दाखवला. ताई रागावली नाही. म्हणाली, आईनं केलं तरी चालेल, ती शेजारी बसून बघू दे. तिथं मी सापडले.

पुढच्या शनिवारपासून मी उभी आणि मुलगी प्रेक्षक. प्रेक्षक तरी कसली, मुकादमच. टॅबलेटवर आपला आवाज जाऊ नये म्हणून ती सोफ्यावरून कुजबुजत सूचना द्यायची. झाडाला मान नसते, मान हलवू नको. मांजर एवढे डोळे मिचकावत नाही. उकळत्या पाण्याला घाई नसते, आधी खालून बुडबुडे येऊ देत. मी घामाघूम व्हायचे. आतून सासूबाई विचारायच्या, संध्याकाळचा दिवा लावायचा का कुणी, की आज झाडच व्हायचंय?

त्यात आमचं मराठी. आमचं घर मूळचं निपाणीकडचं. आमच्यात बायकासुद्धा 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. तिसऱ्या शनिवारी मी म्हणाले, "आता मी झाड होतो," आणि एका चौकोनातल्या मुलानं विचारलं, ह्या काकू मुलासारखं का बोलतात? सगळे चौकोन हसले. आमच्या भागात गच्चीला माळगी म्हणतात. तो शब्द माझ्या तोंडून गेला तेव्हा ताईला तो लिहून द्यावा लागला. मुलीला यातलं काही लागलं नाही, मला मात्र लागलं. तेव्हापासून शनिवारी मी जपून 'जाते, करते' म्हणायला लागले आणि त्या नादात पुढचं वाक्य विसरायला लागले.

असे सात-आठ महिने गेले. वर्षाच्या शेवटी मुलांचं नाटक होणार असं ताईनं जाहीर केलं. गावातला एकुलता एक शिंपी आजारी पडतो आणि गावाचे सगळे कपडे अर्धवट शिवलेले राहतात, अशी गोष्ट. प्रत्येकाला भूमिका मिळाली, तालमी सुरू झाल्या, आणि तालमीत मुलीच्या जागी मीच उभी. माझ्या मुलीला दोन वाक्यांची भूमिका होती, गिऱ्हाईक म्हणून येऊन एक बाही नसलेलं झबलं दाखवायचं. नाटकात तरी तूच कर म्हटलं, तर ती नाही म्हणाली. मी म्हटलं, दोनच तर वाक्यं आहेत. ती परत नाही म्हणाली. त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं दुखत होतं, कामवाली आली नव्हती, आणि तासभर मी कात्रीचा अभिनय करून दमले होते. माझा तोल गेला. मी म्हणाले, "वर्षभर मी कुणासाठी नाचायलोय इथं? मला हौस आहे?"

ती शांतपणे म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं."

खरं होतं ते. पण त्या वेळी खरं ऐकायची माझी तयारी नव्हती. मी आणखी बरंच बोलले. पन्नास मुलांतनं तुला बाहेर काढलं, घरदार तुझ्यापायी थांबवलं, दोन वाक्यं म्हणायला तुझं काय जातं, असलं सगळं. डॉक्टरांनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते मी पाच मिनिटांत सगळं करून टाकलं.

त्यानंतर दोन दिवस ती घरातही बोलली नाही. आजीशी नाही, बापाशी नाही. जेवायला बोलावलं की यायची, ताट पुढं ओढायची, हातानं पुरे म्हणायची. शाळेत ती कशी दिसत असेल ते मी पहिल्यांदा पाहिलं. नवऱ्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही, त्याचाही मला राग आला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना मागून तिचा आवाज आला, साखर संपलीय काय? मी ओट्याकडं तोंड करून उभी राहिले आणि म्हणाले, डबा वरच्या फळीवर आहे. त्याहून जास्त बोलायची माझी छाती झाली नाही.

त्याच दुपारी मी ताईला फोन केला. आम्ही वर्ग सोडतोय असं सांगायचं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, मुलं वाक्य विसरली की तुमच्या चौकोनातून हळूच पुढचे शब्द येतात, ते तुम्ही सांगता ना? मला काही कळेना. मी माझीच वाक्यं विसरत होते, दुसऱ्यांची कुठून सांगणार? ताई म्हणाली, "म्हणजे ती सांगते. तिला अकराही जणांचं पाठ आहे."

माझ्या कानाशी बसून ती कुजबुजायची ते सगळं मला सूचनाच वाटायचं. मी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

ताईनं तिची दोन वाक्यं दुसऱ्या मुलाला दिली आणि तिला प्रॉम्प्टर केलं. कॅमेरा बंद ठेवायचा, नाव लिहायचं नाही, कुणी अडलं की पुढचे दोन शब्द द्यायचे. मुलीनं यावर थोडा विचार केला आणि एकच अट घातली, पूर्ण नाटक कागदावर छापून पाहिजे. मग तिनं ते कागद लाल पेन्सिलीनं भरून टाकले. कोण कुठं अडखळतो, कोण दोन वाक्यं गाळतो, कोणाला नुसता पहिला शब्द पुरतो, सगळं.

नाटकाच्या शनिवारी पाचला पाच मिनिटं कमी असताना केशवापूरची लाईट गेली.

आमचा इन्व्हर्टर महिनाभर बंद होता. नवऱ्याला मी रोज सांगत होते, तो रोज 'उद्या' म्हणत होता. वायफाय गेलं. माझ्या मोबाईलवर घरात फोन लागतो, पण नेट मिळत नाही. नवऱ्याला फोन लावला तर उचलेना, शनिवारी संध्याकाळी दुकानात गर्दी असते. मुलगी कागद छातीशी धरून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. मी तिला म्हटलं, हलू नको, मी बघतो. आणि माळगीवर पळाले. तिथं पाण्याच्या टाकीजवळ दोन काड्या रेंज येत-जात होती. हात उंच करून मी दहा मिनिटं इकडून तिकडं फिरले, बाजूच्या इमारतीतल्या दोन बायका खिडकीतून बघत राहिल्या. शेवटी एकदाचं नेट सुरू झालं म्हणून धावत खाली आले, तर मुलगी नाही. टॅबलेट नाही. कागद नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, खाली गेली.

तळमजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात, एकटेच. ते कन्नडच बोलतात आणि त्यांना फार कमी ऐकू येतं. त्यांचा टीव्ही आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो. चार वर्षं आम्ही त्या इमारतीत राहत होतो, आणि जिन्यात ते दिसले की माझी मुलगी माझ्या पदराआड व्हायची.

त्यांचं दार उघडं होतं. त्यांच्या इन्व्हर्टरवर पंखा चालू होता, टीव्ही बंद. मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसली होती, टॅबलेट एका स्टीलच्या डब्याला टेकवलेला. नाटक सुरू झालं होतं. शिंपी झालेला मुलगा अडला, तिनं शब्द दिला. तो पुढं गेला. पुन्हा अडला, पुन्हा दिला. आवाज मोठा नव्हता, पण स्पष्ट होता, आणि खोलीत तिच्याशिवाय घरचं कुणीही नव्हतं. आजोबा सोफ्यावर हाताची घडी घालून, जरा फुगूनच बसले होते.

मी दारातच थांबले. नाटक संपल्यावर तिनं कागद गोळा केले, टॅबलेट उचलला आणि माझ्या बाजूनं निघून वर गेली. मग आजोबांनी मला कन्नडात हकिकत सांगितली. बेल वाजली, दार उघडलं, तर ही उभी. काहीतरी पुटपुटली. ते म्हणाले, ऐकू येत नाही. ती पुन्हा बोलली. ते म्हणाले, "जोराग हेळव्वा," जोरात सांग बाई. आणि तिसऱ्या वेळी तिनं असं सांगितलं की त्यांच्या म्हणण्यानुसार रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा वळून बघायला लागला: "अज्जा, टीव्ही बंद माड्री. वायफायचा पासवर्ड कोड्री."

टीव्ही बंद करा, पासवर्ड द्या. एवढंच. नमस्कार नाही, कृपया नाही.

चार वर्षं मी तिचा आवाज घराबाहेर ऐकायची वाट बघत होते. तो आला तेव्हा मी माळगीवर टाकीजवळ हात वर करून उभी होते. मी आजोबांना म्हटलं, ती कशी म्हणाली ते पुन्हा एकदा म्हणून दाखवा. त्यांनी म्हणून दाखवलं, पण ते आपल्या घोगऱ्या आवाजात. त्याचा मला काय उपयोग?

वर आले तेव्हा सासूबाई फोनवर निपाणीला सांगत होत्या, पोर बोलायला लागली. मुलीनं ते ऐकलं आणि आत जाऊन दार लावलं. त्यानंतर महिनाभर ती आजोबांसमोरून नुसती मान हलवून जायची. मी त्यांना समजावून सांगितलं, ते म्हणाले, बरंच आहे, टीव्ही तरी बघता येतो.

पुढच्याच आठवड्यात नणंद निपाणीहून मुद्दाम आली. मुलीला समोर बसवून म्हणाली, नाटकातलं काहीतरी म्हणून दाखव बघू. मुलगी फ्रॉकची शिवण धरून बसली. नणंदेनं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं, जणू मीच काहीतरी खोटं पसरवलं होतं. मी म्हटलं, "ती अशी म्हणून दाखवत नाही. तिला काम असलं तर बोलते, नसलं तर नाही." हे वाक्य बोलून झाल्यावर मलाच ते पटलं, आणि मी आत चहा ठेवायला गेले.

आज ती अकरा वर्षांची आहे, अजून घरीच शिकते. घराबाहेर पाच जणांशी बोलते. शनिवारचा वर्ग सुरू आहे आणि माझी सुटका झालेली आहे, कारण आता ती तालमीच्या वेळी मला हॉलमध्येही थांबू देत नाही. म्हणते, तुझी हालचाल मध्ये येते. नवीन नाटक चाळीस पानांचं आहे. त्याची छापील प्रत उद्यापर्यंत पाहिजे असं तिनं मला सकाळीच सांगितलंय, आणि झेरॉक्सच्या दुकानात आपण येणार नाही, हेही.