मगदूम गाडी बघायला येतात

शोरूममधून गाड्या जातात, किस्से मात्र तिथंच राहतात. गाडीचं एक बरं असतं. नारळ फोडला, पेढा खाल्ला, चावी दिली की ती डोक्यातून जाते. किस्सा तसा जात नाही. तो आपल्याबरोबर घरी येतो आणि भाकरी थापताना मध्येच आठवतो. मी एकटीच हसायला लागले की सासूबाई विचारतात, "काय गं, खुळी झालीस व्हय?"

मी येळ्ळूरची. आमचं शोरूम बेळगावात, खानापूर रोडला, मच्छेच्या जरा अलीकडं. दगडधोंड्यातनं जाणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या मोठ्या परदेशी गाड्या आम्ही विकतो. आत चामड्याच्या सीटा, वर काचेचं छत आणि किंमत अशी की ऐकल्यावर माणूस आधी बसायला खुर्ची शोधतो. ब्रोशर इंग्लिशमध्ये, फॉर्म कन्नडमध्ये आणि नवरा-बायकोचं भांडण मराठीत!

नऊ वर्षांत पोतंभर किस्से झालेत. पण सगळ्यात जास्त दिले ते एकाच घरानं, निपाणीच्या मगदूमांनी.

*

पहिल्यांदा अजित मगदूम एकटेच आले. पस्तिशीचा माणूस, निपाणीत बी-बियाणाचं दुकान. आत येऊन त्यांनी मोठ्या पांढऱ्या गाडीभोवती देवळासारखी एक प्रदक्षिणा घातली आणि मला विचारलं, "आक्का, ह्याची माहिती सांगणारे साहेब कुठं हाईत?"

"मीच सांगते की."

"न्हाय, तसं नव्हे. फोर व्हील ड्राइव्हचं, इंजिनचं..."

मी बॉनेट उघडलं आणि वीस मिनिटं बोलले. गिअर, टायर, चढ, उतार, चिखल, सगळं! ते हाताची घडी घालून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "लई माहिती हाय तुम्हाला. घरी हीच गाडी हाय काय?"

"नाही हो. मी स्कूटीवरनं येते."

ते इतक्या मोठ्यानं हसले की वॉचमन आत डोकावला. "बरोबर हाय आक्का! आमच्या गल्लीतबी ज्याचं लगीन झालं न्हाय तोच संसाराचं जास्त सांगतोय!"

निघताना त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ही किती पाण्यातनं जाती?"

मी सांगितलं. ते गाडीशेजारी उभे राहिले आणि पाणी कुठवर येईल ते स्वतःच्या मांडीवर हात ठेवून बघत राहिले. हा प्रश्न पुष्कळजण विचारतात, मित्रांना सांगायला. मला वाटलं, हेही त्यातलेच.

*

पुढच्या रविवारी सगळं घर आलं. बायको स्नेहल, सहावा महिना, आणि पोटात जुळी! सहा वर्षांची मुलगी आर्या. आणि अजितरावांची आई पद्माक्का, अंगानं बारीक, आवाजानं भरभक्कम.

पद्माक्का गाडीच्या दारापाशी आल्या आणि वर बघत थांबल्या. "ही गाडी हाय का माळा?"

पायरी होती, पण ती त्यांच्या गुडघ्याला मान्य नव्हती. "ब्याड, ब्याड," त्या मला कन्नडमध्ये आणि लगेच लेकाला मराठीत म्हणाल्या, "नको रं बाबा मला."

आमचे भरमाण्णा धावले. भरमाण्णा म्हणजे टेस्ट ड्राइव्हला नेणारे आमचे ड्रायव्हर. तीस वर्षं घाटात ट्रक चालवलेला माणूस, कुणाची अडचण बघून राहवत नाही त्यांना. त्यांनी चहाच्या कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल आणलं, एका हातानं स्टूल धरलं, दुसऱ्या हातानं आज्जींना. पद्माक्का वर जाऊन बसल्या, लुगडं सारखं केलं आणि काचेतनं खाली बघितलं. मी, मॅनेजर, वॉचमन, सगळे खाली उभे.

जरा वेळानं त्या म्हणाल्या, "अजित, उतरव रं मला. हितनं सगळी माणसं बारकी दिसाय लागल्यात. रोज बसलो तर माजायचो मी!"

*

मग बसायचा हिशोब सुरू झाला.

गाडी सात सीटची. पुढं दोन, मध्ये तीन, मागं दोन. अजितराव बोटांवर मोजत होते. "मी चालवणार. आई शेजारी. मध्ये स्नेहल आणि दोन बाळं. आर्या मागं. झालं की! वर एक सीट शिल्लक."

मी गोदामातनं बाळांच्या दोन सीटा आणून मधल्या रांगेत पट्ट्यांनी बांधून दाखवल्या. चांगल्या जाडजूड असतात त्या. दोन्ही बाजूंना एकेक बसली आणि मधल्या जागेत स्नेहलनं स्वतःला कसंबसं घातलं. तिचा चेहरा बघून भरमाण्णांनी तोंड फिरवलं.

"आता आर्या, तू मागं जा बाळा," अजितराव म्हणाले.

आर्यानं एक दार उघडलं. मग दुसरं उघडलं. मागं जायला मधली सीट दुमडावी लागते आणि मधल्या सीटवर तर बाळाची सीट बांधलेली! शेवटी भरमाण्णांनी डिकी उघडून तिला मागनं आत सोडलं, बटाट्याचं पोतं सोडावं तशी.

आतनं आर्याचा आवाज आला, "पप्पा, मला उलटी येतीया."

"अगं, गाडी अजून सुरू पण केली न्हाय!"

"मग सुरू केल्यावर किती येईल!"

*

अजितराव तरी हटले नाहीत. एखादी गोष्ट मनात बसली की माणूस तिची बाजू स्वतःच मांडत सुटतो. ते दर आठवड्याला यायचे. कधी म्हणायचे, आर्याला मध्ये घेऊ आणि स्नेहल मागं. कधी म्हणायचे, आईला प्रवासच कुठं असतो?

हे पद्माक्कांच्या कानावर गेलं. पुढच्या खेपेला त्या घरातनं सामान घेऊनच आल्या! जैन घर, धर्मस्थळच्या यात्रेला जाताना लागतं ते सगळं. गाळलेल्या पाण्याचे दोन कॅन, कुकर, शेगडी, तांदळाची पिशवी, अंथरुणाची वळकटी आणि दिवस मावळायच्या आत जेवायला बांधलेले डबे. शिवाय जुळ्यांसाठी स्नेहलच्या माहेरनं आलेली डबल बाबागाडी.

"घाला," त्या म्हणाल्या.

मागच्या सीटा उभ्या असल्या की डिकीत जागा किती राहते हे मी गिऱ्हाइकाला कधी आपणहून दाखवत नाही. त्या दिवशी दाखवावं लागलं. कॅन गेले, कुकर गेला, आणि बाबागाडी अर्धी बाहेर.

मॅनेजर साहेब धारवाडकडचे, विक्री सुटायला लागली की त्यांचं मराठी फार गोड होतं. ते म्हणाले, "आज्जी, छतावर कॅरिअर बसवून देतो की! सगळं वर बसतंय."

पद्माक्कांनी छताकडं बघितलं. "बसंल की. मग मलाबी वरच बसवा."

*

टेस्ट ड्राइव्हला आम्ही लोकांना येळ्ळूरच्या गडाकडं नेतो. वरच्या अंगाला एक कच्ची वाट आहे, खड्ड्यांची, दगडांची. तिथं गाडीचं खरं रूप दिसतं आणि बहुतेकांचा चेक तिथंच फाटतो.

भरमाण्णा अजितरावांना घेऊन गेले आणि अर्ध्या तासात येणारी माणसं दीड तासानं आली. अजितराव तसेच घरी गेले. भरमाण्णा माझ्याजवळ येऊन बसले.

"मॅडम, ह्या माणसाला गाडी मिरवायला नको हाय."

मग त्यांनी सांगितलं. आर्याच्या वेळी स्नेहलला सकाळी कळा सुरू झाल्या. निपाणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, बेळगावला हलवा. पावसाळा होता, नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं. छोटी गाडी, मागच्या सीटवर बायको, पुढं गाड्यांची रांग आणि तिच्या पुढं पाणी. तीन तास! शेवटी एका ट्रकवाल्यानं आडवाट दाखवली आणि लांबच्या वळशानं ते पोचले. सगळं नीट झालं.

"गडावर गाडी थांबवून सांगत हुता," भरमाण्णा म्हणाले. "डोळ्यात पाणी हुतं. आता तर दोन बाळं, आणि दिवसबी ऐन पावसाळ्यातले. मॅडम, पोरगी सुखरूप झाली, सहा वर्सांची झाली, पण ह्यो माणूस अजून तिथंच रांगेत थांबलाय."

*

त्या आठवड्यात अजितराव बुकिंग करायला आले, सगळ्यांना घेऊन. फॉर्म समोर, पेन हातात. मॅनेजर साहेबांनी पेढेही मागवले होते.

मला काय झालं माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. येळ्ळूरला आमच्या शेताकडच्या ओढ्यानं एकदा उसाची भरलेली ट्रॉली आडवी केलेली मी बघितली आहे.

मी म्हणाले, "अजितराव, सही करायच्या आधी एक ऐका. मी तुम्हाला पाण्याचं जे सांगितलं, ते उभ्या पाण्याचं. वाहत्या पाण्याचं नाही. वाहतं पाणी गुडघाभर असलं तरी एवढ्या मोठ्या गाडीला ढकलतं. आमची काय, कुणाचीच गाडी त्यात घालायची नसते."

पेन थांबलं. स्नेहल नवऱ्याकडं बघत होती. "म्हणजे ही तुम्ही माझ्यासाठी घ्यालाय? मला पाण्यातनं न्यायला?"

अजितरावांनी मान डोलावली.

"मला वाटलं, मित्रांना दाखवायला." तिचा आवाज बारीक झाला. "मलाबी त्या दिवसाची स्वप्नं पडत्यात. म्हणून मी ताईशी बोलून ठेवलंय. आठवा लागला की हितं बेळगावात, टिळकवाडीत तिच्या घरी येऊन राहायचं. दवाखाना तिथनं चालत जाण्याएवढा हाय. तुम्हाला सांगितलं न्हाय, तुम्ही म्हणाल घाबरट."

दोघं एकमेकांकडं बघत बसले. मला वाटलं, आपण उठून चहा सांगावा.

पद्माक्कांनी कपाळावर हात मारला. "सहा वर्सं दोघंबी एकाच पाण्याला भ्यालाय, आणि एका गादीवर झोपून एकमेकाला सांगितलं न्हाय व्हय रं!"

फॉर्म कोराच राहिला. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले. जाताना स्नेहलनं मला बाजूला घेऊन विचारलं, मग कुठली घ्यावी, तर मी दुसऱ्या कंपनीची एक साधी, बुटकी गाडी सुचवली. तिच्या मधल्या रांगेत दोन सुट्या सीटा असतात आणि मधनं मागं जायला वाट. दोन्हीवर दोन बाळं, वाटेतनं मागं आर्या आणि तिच्या शेजारी स्नेहल.

मॅनेजर साहेब दारातनं सगळं बघत होते. मगदूम गेल्यावर म्हणाले, "मॅडम, आपण शोरूम चालवतोय का सल्ला केंद्र?"

*

महिना झाला असेल. चिक्कोडीकडचे एक कॉन्ट्रॅक्टर आले. दगडाच्या खाणीवर रोज जाणं-येणं, मुलं मोठी होऊन बाहेरगावी. खरं तर ही गाडी अशाच माणसासाठी बनवलेली असते. त्यांनी टेस्ट ड्राइव्ह घेतली आणि ब्रोशर न उघडता म्हणाले, "मला हीच द्या."

मॅनेजर साहेबांचा विश्वास बसेना. "सर, दुसरीकडं कुठं बघितली नाही काय?"

"कशाला? अजित माझा मावसभाऊ. त्यानं सांगितलंय, तिथं एक बाई हाय, गाडी नको असंल तर नको म्हणून सांगती. मला तिनं नको म्हटलं न्हाय. म्हणजे घ्यायची!"

त्या संध्याकाळी साहेब माझ्या टेबलाशी येऊन घुटमळले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, उद्यापासून रोज एक-दोघांना नको म्हणत जावा."

*

श्रावणात निपाणीहून बारशाचं बोलावणं आलं. भरमाण्णा आणि मी दोघं गेलो. एक मुलगी, एक मुलगा, दोन पाळणे शेजारी शेजारी. दारात ती बुटकी सात सीटची गाडी, कडेच्या काचेवर आर्यानं चिकटवलेली फुलपाखरं. पद्माक्का आम्हाला गाडी दाखवायला स्वतः बाहेर आल्या, कुणाचा हात न धरता आत बसल्या आणि उतरल्याही. दोनदा!

जेवताना अजितराव आमच्या शेजारी बसले आणि त्या दिवसाचं सांगायला लागले.

स्नेहल टिळकवाडीत बहिणीकडं होती, आर्या आणि आईही तिथंच. अजितराव दुकान बघायला निपाणीला आलेले. सकाळी फोन आला, दवाखान्यात चाललोय. हे तसेच निघाले, आणि रस्त्यावर पाणी! पोलीस अजून आले नव्हते, अडवणारं कुणी नव्हतं. दोघं-तिघं पुढं गेलेही. अजितरावांचा पाय ब्रेकवर आणि जीव बेळगावात. एवढ्यात आर्याचा व्हिडिओ कॉल आला. बराच वेळ नुसतं दवाखान्याचं छत दिसलं, मग दोन लाल मुठी दिसल्या, मग आणखी दोन.

"रडलो मी," ते म्हणाले. "आणि तसंच वाटलं, घालावी गाडी आत."

"मग?" भरमाण्णांचा घास हातातच.

"मग शेजारी बघितलं. तुमच्या शोरूममधली असती ना, तसलीच गाडी! पांढरी, नवी, ही उंच. आत एक माणूस निवांत चिरमुरे खात बसलेला. मी उतरलो, काच वाजवली. म्हटलं, अहो, तुमची ही जाती की पाण्यातनं, मी सगळं बघून ठेवलंय. तुम्ही का थांबलाय?"

"काय म्हणाला?"

"त्यानं पाण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, चिरमुऱ्याची पुडी माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, 'गाडी जाती हो. पण मी तिघा पोरांचा बाप हाय.'"